यांच्या हातातलं कडं

८ जानेवारी २००७
रुजू झाले! सातपूरच्या वर्कशॉपांपलीकडचं हे कॉलेज मला पाहताक्षणी आवडलं. वाघचौरे सर मला छायाताई म्हणतात, आणि चहा स्वतः करतात. प्रयोगशाळेत ताटाएवढ्या भांड्यात सुपरकंडक्टरच्या, म्हणजे गारठल्या की वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या, चाळीस कड्या गोल मांडल्यात, वर गारठवायला लिक्विड नायट्रोजन. त्या थंडीत कड्यांतली वीज झोके घेते, शेजारीण शेजारणीला ओढते, आणि प्रत्येक कडीचा एक दिवा फळ्यावर लुकलुकतो. नायट्रोजन दिवसा तासातासाला ओतायचा, हे माझं काम; रात्री झाकण लावलं की सकाळपर्यंत पुरतो. अंगावर लोखंड, चुंबक नको, असं सरांनी बजावलं. घड्याळ काढलं. यांचं कडं तेवढं स्वेटरच्या बाहीत वर सरकवलं. बीपीसाठीचं चुंबकाचं कडं, मीच आणलेलं. हे नोव्हेंबरात गेले, तेव्हापासून माझ्या हातात आहे.

१२ जानेवारी
गंमतच. अर्धे दिवे लेझीम खेळल्यासारखे एका तालात, उरलेले वाट्टेल तसे. कड्या सारख्या, थंडी सारखी. सर हरखलेत, शिस्त आणि गोंधळ असे शेजारी नांदलेले त्यांना बघायचेच होते. मला आमचं घर आठवलं. मी घड्याळावर चालणारी, आणि हे टॉवेल कुठे टाकला तेही विसरणारे.

१७ जानेवारी
गोंधळाच्या बाजूचा एक दिवा ओळखीचा निघाला. दोन ठोके लगोलग, मग खंड. यांच्या छातीवर हात ठेवून वर्षभर तो खंड मोजलाय मी. पुढचा ठोका पडेपर्यंत जीव टांगणीला लागायचा.

१९ जानेवारी
सरांना सांगितलं. हसले नाहीत. बाही वर करायला लावली, आणि हा चुंबकच दिवे बिघडवतोय म्हणाले. कडं बाहेरच्या कपाटात गेलं. मला पटलं. बसमध्ये रडले.

२२ जानेवारी
कडं नाही, तरी आता पाच दिवे यांच्याच ठोक्याचे. सर पुन्हा पुन्हा जोडण्या तपासतायत.

२४ जानेवारी
आता गोंधळाची अख्खी बाजू यांची. शिस्तीच्या बाजूकडे बघत स्वतःची नाडी धरली, ताल तोच — ती बाजू माझी आहे.

कुणाला बोलले नाही ते लिहिते. मी म्हटलं होतं, "कडं आहे ना हातात, मग गोळ्या कशाला?"

"तू म्हणशील तसं," म्हणाले. अडीच महिन्यांत गेले. मीच घालवलं यांना.

२५ जानेवारी
सर भ्यालेत. आज संध्याकाळपासून नायट्रोजन ओतू नका म्हणाले. उद्या सुट्टी, कड्या तापून आपोआप बंद पडतील. बंद पडतील म्हणजे — माझ्याच हाताने दुसऱ्यांदा —

२६ जानेवारी
सगळे मैदानावर. लेझीम ऐकू येतेय. किल्ली माझ्याकडे होती. भांडं भरलं. हे आहेत अजून.

पण दोन बाजूंमधली हद्द माझ्याकडे सरकतेय. माझे वीस दिवे होते — चौदा — नऊ —

माझ्या नाडीत — लगोलग दोन, मग खंड.

ओतणं थांबवलं तर मी वाचेन. हे पुन्हा जातील. विचारलं, थांबू का? काय म्हणणार हे. तू म्हणशील तसं.

ओततेय —

चाळीसही दिवे — एक, दोन — मग