त्र्याण्णव महिन्यांचा तक्ता

१४ ऑक्टोबर २०१९, सोमवार

थकबाकीचा तक्ता आला. चुकीचा!

येसलच्या बापाने, गी-तेकने, पोरीची पोटगी थकवली त्याचा हिशेब. कोर्टाने ठरवलेले महिन्याला पाच लाख वॉन. घटस्फोटानंतर दीड वर्ष दिले, जानेवारी २०१२ पासून एक छदाम नाही. पोटगी वसुलीचं कार्यालय म्हणतं — ब्याण्णव महिने, वजा भरणा दहा लाख, शिल्लक साडेचार कोटी. खाली मुंगीएवढ्या अक्षरात : हरकत ८ नोव्हेंबरपर्यंत. मग हाच आकडा कायम, आणि त्याच्या पगारातून तेवढेच कापणार.

ब्याण्णव कसे? जानेवारी २०१२ ते सप्टेंबर २०१९. कॅलेंडरवर मोजले. मग कापायच्या टेबलावर बटणं मांडून मोजले. त्र्याण्णव. येसल शाळेतून आली, तिलाही मोजायला बसवलं. "आई, त्र्याण्णवच आहेत. आता बटणं आवर, मला जेवायचंय."

कुणाची पँट अर्धा सेंटीमीटर आखूड झाली तर मी न सांगता उसवून परत शिवते. आणि ह्यांनी अख्खा महिना खाल्ला!

आणि हा दहा लाखांचा भरणा कसला? कधी दिला त्याने?

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कार्यालयात फोन केला. यॉम बाई म्हणून कुणी आहेत, आवाजावरून पोरसवदा. महिन्याची चूक लगेच मान्य. "सॉरी हं, पहिला महिना धरायचा राहिला." संपलं. मला उगाच भांडणाची तयारी करून गेल्यासारखं झालं.

मग दहा लाख. "भरण्याची तारीख ११ मे २०१३," म्हणाल्या. "त्यांनी बँकेची पावती जोडलीय. तुमच्याच खात्यात जमा. बरोब्बर दोन महिन्यांची रक्कम."

हातातली कात्री खाली ठेवली मी. बाबा गेले ते १० मे २०१३.

ते दुखवट्याचं पाकीट होतं! स्वतः यायला तोंड नव्हतं म्हणून बँकेतून पाठवलेलं. ते पोटगी म्हणून दाखवतो?

यॉम बाईंना सांगितलं. "मला कळतंय हो. पण पावतीवर तसं लिहिलेलं नाही." म्हटलं, मयतीला कोणी किती ठेवले ते लिहितात त्या आमच्या दुखवट्याच्या वहीत त्याचं नाव आहे, रकमेसकट. "वही तुमच्या घरची, अक्षर तुमच्या माणसाचं. समोरच्यांकडचा काही कागद असला तर बोला."

१६ ऑक्टोबर

दिवसभर डोक्यात तेच. एका जॅकेटला उलटी चेन बसवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

दुखवट्याचा पैसा कधी कुणाचा झालाय? तो उसना. आज त्यांनी ठेवला, उद्या त्यांच्या दारात मयत झालं की तेवढाच आपण ठेवायचा. आणि मी ठेवलाय! नोव्हेंबर २०१६ला सासरे गेले तेव्हा. खात्यात चार लाख होते. ओव्हरलॉक मशीन विकलं, कडक नोटा घेतल्या, पांढऱ्या पाकिटावर स्वतःचं पूर्ण नाव घातलं — बोक इन-सुक — आणि त्या लोकांच्या गर्दीतून ताठ मानेने गेले. गी-तेक शोकाच्या कपड्यांत उभा. मी वाकले, तोही वाकला. तिखट रस्सा-भात जेवले, सगळा, त्यांच्या सगळ्या आत्या-मावश्यांच्या डोळ्यांदेखत. दारातल्या टेबलावर माझं नाव वहीत लिहिलं गेलेलं मी वाकून बघितलं होतं. दहा लाख.

म्हणजे त्याचे मी फेडले. आणि आता तेच दहा लाख माझ्या पोरीच्या तोंडातून काढतोय!

ती वही सासूबाईंकडे असणार. गांगग्यॉंगला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

देजॉनहून बसने पार्सल आलं. ना माल-सुन नावाच्या बाईंचे एप्रन. दर महिन्याला वीस, काठ दुमडून टीप मारायची, नगाला पाच हजार. म्हणजे लाख वॉन. कधी घासाघीस नाही, कधी उशीर नाही. बाईंना मी पाहिलेलंही नाही, फोनवरच काय ते. कापड मात्र वापरलेलं येतं, काठाला जुन्या टाक्यांची भोकं. कुठल्या तरी खाणावळीचे स्वस्तात उचलत असतील. पण गिऱ्हाईक देवमाणूस. वाईट दिवसांत दुकानाचं भाडं ह्याच एप्रननी भरलंय.

आणि एकदाही तक्रार नाही. येईल कशी! माझी टीप दाताने ओढा, सुटायची नाही. येसल म्हणते, "आई, तुझी टीप म्हणजे जन्मठेप."

२१ ऑक्टोबर

गी-तेकला फोन केला. चुकलंच.

"पैसे ते पैसे. तुझ्या बापाच्या मयतीला दिले म्हणजे तुझ्याच घरात गेले ना?"

मी म्हटलं, मग तुझ्या बापाच्या मयतीला मी दिलेले कुठे गेले?

"असं काही आठवत नाही मला."

आठवत नाही! फोन ठेवला. शेजारची नूडल्सवाली म्हणते, "येसलची आई, साडेचार कोटींत दहा लाख म्हणजे काय? सोड की." तिला काय सांगू. बाकीचे साडेचार कोटी पैसे आहेत. हे दहा लाख माझे बाबा आहेत.

२७ ऑक्टोबर, रविवार

इकसानला गाडी बदलून गांगग्यॉंग. तीन वर्षांनी.

किमचीचा मोसम, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. सासूबाई आपल्या टपरीत, खारवलेल्या जवळ्याच्या पिंपांमध्ये बसलेल्या. शहात्तर वर्षांच्या. बारीक झाल्यात. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या. मिठाने फुटली असतील.

मला बघून म्हणाल्या, "आलीस? केवढी वाळलीस! पोरगी कशी आहे?"

म्हटलं बरी आहे, माझ्याहून उंच झालीय. मग आडवळण न घेता बोलले. सासऱ्यांच्या दुखवट्याची वही हवी. एका पानाची झेरॉक्स काढून परत देते. आणि का हवी तेही सांगितलं. लपवायचंय काय?

त्या जवळा मापत राहिल्या. मग — "म्हणजे माझ्याच पोराच्या गळ्याला फास, आणि दोरी मी द्यायची?"

"दोरी नको. वही द्या."

जवळा घ्यायला आलेली बाई फिस्सकन हसली. सासूबाई नाही हसल्या.

"जीभ अजून तश्शीच आहे तुझी."

"तुम्हीच धार लावून दिलीत."

"वही कुठे ठेवलीय मला माहीत नाही," म्हणाल्या. खोटं. ते घर मी आठ वर्षं झाडलंय. जन्मपत्रिकेपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं त्या लाल पेटीत असतं.

निघाले तर म्हणतात, "दुकान चालतं ना?" म्हटलं चालतं. पक्कं गिऱ्हाईक आहे, कुणापुढे हात पसरायला लागत नाही. "हं," म्हणाल्या, आणि जवळ्याचा एक डबा भरून पुढे केला. मी वीस हजारांच्या नोटा काढल्या. घेईनात. तराजूखाली सारून ठेवल्या.

"कधीतरी कुणाचं तरी फुकट घेत जा गं! हाताला काटे फुटत नाहीत."

तुमच्या घरचं? मुळीच नाही. हे मनात म्हटलं. मनात म्हटलं एवढंच माझं सौजन्य.

२८ ऑक्टोबर

येसलने विचारलं, आजी काय म्हणाली? म्हटलं, तू उंच झालीस हे ऐकून बरं वाटलं तिला.

जवळा चांगला आहे. नावं ठेवायला जागा नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

सहा दिवस उरले. यॉम बाईंना पत्र लिहिलं, पाच पानी. शेवटी लिहिलं : माझ्या मुलीला मी तिच्या बापाच्या घरच्या एका वॉनाशिवाय वाढवलंय. त्यामुळे जे दिलं नाही ते दिलं असं कुणी लिहिलेलं मी चालवून घेणार नाही. वाचून बघितलं. छान लिहिलंय! बाबा असते तर मोठ्याने वाचून दाखवलं असतं त्यांनी गल्लीत.

४ नोव्हेंबर, सोमवार

वही आली!!

गांगग्यॉंगहून बसच्या पार्सलने. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आत कसल्याशा कापडात बांधलेली, गाठ अशी की दातांनी सोडवली. कापड खुर्चीवर भिरकावलं आणि पानं उलटली. एकोणिसावं पान. बोक इन-सुक, दहा लाख. आणि अक्षर कुणाचं? गी-तेकच्याच धाकट्या भावाचं! आता म्हणा, तुमच्याच माणसाचं अक्षर!

म्हातारीने दिली. आपल्या पोराविरुद्ध दिली. मला वाटलं नव्हतं. कशाला खोटं लिहू, रडले थोडी.

५ नोव्हेंबर

दोन्ही वह्या घेऊन स्वतः गेले. यॉम बाई खरंच पोरसवदा आहेत, गालावर खळी. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. ११ मे २०१३, त्याचे दहा लाख आमच्या वहीत. नोव्हेंबर २०१६, माझे दहा लाख त्यांच्या वहीत. त्या दोनदा वाचून म्हणाल्या, "माझ्या आजीच्या घरीही अशीच वही आहे. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

चूक कबूल करणारा माणूस मला आवडतो. दुर्मीळ आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

नवीन तक्ता आला. त्र्याण्णव महिने. भरणा शून्य. शिल्लक चार कोटी पासष्ट लाख. शिक्क्यासहित.

शून्य! इतकं सुंदर शून्य मी जन्मात पाहिलं नाही. येसलने तक्त्याचा फोटो काढला. म्हणाली, "आई, तू वकील का नाही झालीस?" म्हटलं, वकिलाला सरळ टीप मारता येत नाही. दोघींनी नूडल्सवालीकडे मोठा वाडगा मागवला, वर वाटीभर शिंपले जास्तीचे. पैसे मी मोजून ठेवले तेव्हा माझी मान कुठे होती ते आकाशाला विचारा.

बाबा, तुमचं पाकीट पोटगीतून सोडवलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वही परत पाठवायची म्हणून ते कापड धुवायला काढलं. लोकांचं कापड इस्त्रीशिवाय परत करत नाही मी.

एप्रन आहे.

वापरलेला नाही, एकदाही. काठाला माझी टीप. आतल्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची बारीक फुली, ती मी प्रत्येक कामावर घालते. हा एप्रन मी शिवलाय. देजॉनच्या ना माल-सुन बाईंसाठी.

बाईंना फोन लावला. म्हटलं, तुमचा एप्रन गांगग्यॉंगला कसा गेला?

म्हणाल्या, "कळलं का एकदाचं! अगं, मी तुझ्या सासूची शाळेतली मैत्रीण. मी फक्त नाव दिलं आणि खातं दिलं. पैसे तिचेच, जवळ्याचे. पोराने देणं बंद केलं ते तिला पहिल्याच महिन्यात कळलं. म्हणाली, हातात दिले तर ती पोरगी तोंडावर फेकेल. काम दिलं तर घेईल."

म्हटलं, पण एवढे एप्रन करतात काय?

"करते काय? उसवते! चाळीस आहेत एकूण. वीस तुझ्याकडे, तोवर वीस ती उसवत बसते, चष्मा लावून, फुलीसकट. तुझी टीप मेली केवढी घट्ट! दर महिन्याला बोटं फोडून घेते. किती वेळा म्हटलं, त्या पोरीला फोन करून सांगते जरा सैल मार म्हणून. तर म्हणाली, खबरदार! तिच्या कामात खोट काढायची नाही."

पासबुक काढलं. पहिलं पार्सल फेब्रुवारी २०१२. शेवटचं गेल्या महिन्यात. मोजले. बटणं लागली नाहीत. त्र्याण्णव.

आधी राग आला. खरंच आला. कार्यालयाला काय लिहिलं होतं मी — त्या घरच्या एका वॉनाशिवाय! पाच पानी! मग त्या पट्ट्या बांधलेल्या बोटांची आठवण झाली आणि रागाला बसायला जागा मिळेना.

हे तक्त्यात जाणार नाही. मी शिवलं, त्यांनी मजुरी दिली. गी-तेकच्या नावावर ह्यातलं काही चढवू देणार नाही. एप्रन धुतला, इस्त्री केली, घडी घातली. वहीबरोबर पाठवला नाही. फडकं परत करायला विसरले, असं समजू देत. मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. त्यांनाही मान आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

पार्सल आलं. वीसला एक कमी. दर तोच लावला.

टाका मोठा ठेवला, टीप सैल. शहात्तर वर्षांच्या बोटांना ओढली की सुटेल इतकी.