दादाची बुलेट, हेड उघडल्यावर

१४ नोव्हें. ९९, रविवार

बायकोने, सुनंदाने, आज निर्वाणीचं बजावलं. डिसेंबरात शेड पाडायचं, दोन खोल्या काढायच्या आणि बारावीच्या पोरींना भाड्याने द्यायच्या. लातुरात सध्या गोठ्यात कॉट टाकली तरी गिऱ्हाईक मिळतं, मग आम्हीच का मागे राहायचं? म्हणजे दादाची बुलेट हलवावी लागणार.

"चालू करा, न्हाई तर भंगारात घाला," सुनंदा म्हणाली. "कपडे वाळत घालताना लई बघत राहते माझ्याकडं."

भूकंपात दादा गेला, आई गेली, घर गेलं. ही तेवढी आली. घरापासून लांब, ओढ्याच्या उताराखाली सापडली, अंगावर ओरखडा नाही. तिथं कोणी नेली, ते सांगायला कोणी उरलं नव्हतं. सहा वर्षं ताडपत्रीखाली आहे. भूकंपाने बिघडली असं मीच सगळ्यांना सांगत आलो.

किक मारून पाहिली. पाय नुसताच खाली गेला, पाण्यात गेल्यासारखा. कॉम्प्रेशन अजिबात नाही, सिलेंडर दाबच धरत नाही. इंजिनाचं हेड उघडावं लागेल.

१५ नोव्हें., सोम.

नांदेडला वहिनीला फोन केला. विचारायला हवंच होतं, दादाची बायको, गाडी तिचीच.

"विका, भावजी. मला आवाज सुद्धा नको तिचा."

मग नेहमीचं. त्या वर्षी वहिनीची आई आजारी, म्हणून महालक्ष्म्यांना वहिनी माहेरीच राहिली. घरची सून सणाला नाही, दादा चिडला होता. तरी निरोप धाडला की विसर्जनाच्या संध्याकाळी न्यायला येतो. आला नाही. पहाटे भूकंप.

"आले असते तर वाचले असते. राग धरून बसले माझ्यावर. रागातच गेले."

सहा वर्षं हेच वाक्य. मी सहा वर्षं "हूं" म्हणतो.

१७ नोव्हें., बुध.

पहाटेची शिकवणीची बॅच उरकून शेडमध्ये. गल्लीतले रहीमचाचा स्टूल टाकून बसले. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं, आता डोळ्यांनी अंधुक दिसतं. हात माझे, अक्कल त्यांची, असं ठरलंय.

टाकी काढली. पिस्टन वर आणला, झाकणं खोलली. पुशरॉड (व्हॉल्व उचलणारे दांडे) बोटांनी फिरवून बघितले. दोन्ही घट्ट. गंज धरला असेल.

प्लग नुसता हाताने बसवलेला, पाना लावलेलाच नाही. दादा असं अर्धवट काम ठेवणारा नव्हता.

गाडीच्या बाजूच्या पेटीत दुसरा प्लग निघाला, काळाकुट्ट, रुमालात गुंडाळलेला. रुमाल पांढरा, कोपऱ्यात वहिनीच्या हातचं फूल. हा रुमाल दादा फक्त सासुरवाडीला जाताना खिशात घालायचा. एरवी नाक पुसायला खांद्यावरचा पंचा होता. आम्ही चिडवायचो, सासऱ्याला दाखवायचा रुमाल म्हणून.

त्यात काळा प्लग कशाला गुंडाळला?

रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला.

२० नोव्हें., शनि.

हेड उतरवलं, सिलेंडर वर ओढला. पुशरॉडवर गंजाचा ठिपकाही नाही. रिंगा चांगल्या. पिस्टन चांगला. दोन्ही व्हॉल्व काढून चाचांच्या हातात दिले, त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"सर, ये इंजिन बिमारच नै. तुमी नुसतंच पोट फाडलं बिचारीचं."

हसलो. पण काहीतरी मोडलेलं निघायला हवं होतं.

२१ नोव्हें., रवि.

लिहावं की नाही. लिहितो.

चाचांनी सकाळी विचारलं, "खोलायच्या आधी पुशरॉड फिरून राहिले होते का?"

"नाही. घट्ट होते."

"मग हेच की दुखणं! टॅपेट आवळून ठेवलंय कोणी तरी, पुशरॉडला फटच ठेवली नै. गरम गाडीवर हात घातला असंल. गरम असताना सिलेंडर वाढतो, तेव्हा बरोबर वाटतं. गार झाली की बसतो, मग पुशरॉड व्हॉल्वला दाबून धरतो. कॉम्प्रेशन खतम. मारा किक दिवसभर." मग हसले. "ह्यो मिस्त्री नसंल, सर. कोणी तरी शिकलेला असंल."

शिकलेला मीच.

विसर्जनाच्या दिवशी मी गावात होतो. दादा मला फाट्यावरून बुलेटवर घेऊन आला. टॅपेट वाजत होते. नांदेडचा पल्ला आहे, औशात मिस्त्रीला दाखवतो, म्हणाला. मी म्हटलं, मिस्त्री कशाला, मी बी.एस्सी. आहे. पाने मागवले.

"थंड तरी होऊ दे की रे."

"गाडी चालते तेव्हा गरमच असते ना? मग गरमच लावायचं."

हे मी बोललो. शब्द न् शब्द आठवतोय. अडीचची एस.टी. पकडायची होती, दुसऱ्या दिवशी बॅच. आवाज बंद झाला तसा दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी निघालो. गाडी गार होत गेली.

दादा निघाला होता. रुमाल खिशात घालून निघाला होता. किका मारल्या, प्लग बदलला, ढकलत ओढ्याच्या उतारापर्यंत नेली, उतारावर तरी चालू होईल म्हणून. मग अंधार पडला असेल. सकाळी बघू म्हणून घरी जाऊन झोपला असेल.

वहिनीवर राग धरून नाही. माझ्यामुळे.

२३ नोव्हें., मंगळ.

साडेपाचची बॅच. समोर दोनशे डोकी. कंधार, नायगाव, धर्माबाद, कुठून कुठून आलेली. पाठ नेमका उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा. दरवर्षी शिकवतो. रुळांमधल्या फटी, तापवलेला लोखंडी गोळा, सगळं पाठ. फळ्यावर सूत्र लिहिलं आणि पुढचं सुचेना. पोरं वह्या उघडून थांबली. तब्येत बरी नाही सांगून सोडलं.

दोन दिवस झाले, तो पोकळ किकेचा आवाज येतो. जेवताना, आंघोळ करताना. पाय खाली जातो, काही होत नाही, पुन्हा पाय वर. मला भीती वाटते. दादाची नाही वाटत, तो कधी रागवायचा नाही माझ्यावर. वहिनीची वाटते.

२८ नोव्हें., रवि.

जोडली. व्हॉल्व पेस्ट लावून घासले, नवीन गॅस्केट टाकलं, हेडचे नट आलटून-पालटून आवळले. टॅपेट आज, गार इंजिनावर. पुशरॉड दोन बोटांत फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. चाचांनी स्वतः फिरवून बघितला. "आता लागलं."

चौथ्या किकेला चालू. चाचा खूश, गल्ली गोळा झाली. मी शेडमागे जाऊन रडलो.

सुनंदा तिथंच आली. तिला सगळं सांगितलं.

"वहिनींना सांगू नका."

"ती सहा वर्षं स्वतःला खातेय."

"आन् तुम्ही सांगितल्यावर तुम्हाला खातील. सासरचं म्हणून त्यांना तुमच्याशिवाय कोण उरलंय? ते पण काढून घेता?"

खोटं नाही तिचं. पण गप्प बसलो तर ती मरेपर्यंत तेच वाक्य बोलत राहील, आणि मी "हूं" म्हणत राहीन.

५ डिसें., रवि. नांदेड

सकाळी सातला निघालो, बुलेटवर. गाडीने कुठंच त्रास दिला नाही. वाटेत लोह्याला चहाला थांबलो, परत फिरायचा विचार तिथंच केला, दोनदा.

गल्लीत शिरलो तेव्हा वहिनी आधीच दारात उभी. आवाज कोपऱ्यावरूनच ओळखला असणार. चेहरा पांढराफटक. मी गाडी बंद केली.

ओट्यावर बसून सगळं सांगितलं. गरम इंजिन, अडीचची एस.टी., माझी बी.एस्सी., प्लग, ओढा. माफी मागता आली नाही. रुमाल तिच्या हातात दिला. तिने उलगडला, काळा डाग बघितला.

"म्हणजे निघाले होते?"

"हो."

"माझ्याकडं यायलाच?"

"हो, वहिनी."

डागावरून बोट फिरवत तिने विचारलं, "किती किका मारल्या असतील हो?"

दादा कधी लवकर सोडायचा नाही.

"मी सहा वर्षं त्यांना बोल लावला, भावजी." एवढंच म्हणाली आणि आत गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

तासभर झाला. हे ओट्यावर बसून लिहितोय. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज नाही, रडण्याचाही नाही. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दार उघडं आहे. आत जावं का, कळत नाही.