टपालखर्च आपला

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कुणाला वाचायला देणार नाही. लोकांना हेवा वाटतो.

माल: काचेचे पेपरवेट, दोनशे नग, प्रत्येकात एक फूल. मी रिटायर झालो आणि आमचं ऑफिस कागदमुक्त झालं. सामानाच्या लिलावात सगळे खुर्च्यांवर तुटून पडले. पेपरवेटवर बोली लावणारा मी एकटा. यालाच दूरदृष्टी म्हणतात.

भांडवल: वॉशिंग मशीनसाठी ठेवलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जरा जास्त. जुनं मशीन गेल्या महिन्यात धूर काढून बसलं, तेव्हापासून ही कपडे हाताने धुते. मनगट दुखतं म्हणते. पैसे तिच्या शिकवण्यांचेही त्यात आहेत, पण व्यवहाराची अक्कल माझी. शब्द दिलाय: एक मार्चला नवं मशीन दारात, तेही वरच्या मॉडेलचं. ही म्हणाली, अहो, पेपरच उरले नाहीत, तर वेट कशावर ठेवणार? हसून सोडून दिलं.

जाहिरात खरेदी-विक्रीच्या ॲपवर टाकली. शब्द माझे: ‘अस्सल काचेचे, जड, प्रतिष्ठित पेपरवेट. प्रत्येकी दोनशे. टपालखर्च आपला.’ एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. तीस वर्षं ऑफिसचा पत्रव्यवहार सांभाळला तो काही गंमत म्हणून नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.
पहिली ऑर्डर! गणिताचे मास्तर आहेत कुणी. दोनशे जमा केले. बरोबर दोनशे. टपालखर्चाचं काय, असं विचारलं, तर कळवतात की तो आपण देणार असं आपणच लिहिलंय. मी नम्रपणे समजावलं की ‘आपला’ हे आदरार्थी आहे, म्हणजे तुमचा. मास्तर म्हणे, ‘या, आपलंच घर आहे’ असं म्हटलं, तर घर कुणाचं असतं?

गणितवाल्यांनी भाषेत पडू नये.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
मास्तरांचं पार्सल माझ्या खर्चाने पाठवायचं ठरवलं. पहिल्या ग्राहकाशी वाद नको, धंद्यात नाव मोठं. घरात रद्दी नाही, म्हणून नग दोन टॉवेलांत गुंडाळला.

टपालाच्या खिडकीतल्या बाईंनी पार्सल काट्यावर ठेवलं आणि दोनशे साठ मागितले. वर म्हणाल्या, काका, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! रांगेतले दोघं हसले. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी एक किलोचं माप ठेवून दाखवलं. काटा एक किलोच दाखवत होता. म्हणजे मापही बिघडलंय.

संध्याकाळी हिने विचारलं, दोरीवरचे टॉवेल कुठे गेले? वाऱ्याने उडाले असतील म्हणालो.

९ फेब्रुवारी, रविवार.
मुलगी आणि जावईबापू जेवायला. जावईबापू कॉम्प्युटरवर बसतात, म्हणून त्यांना सगळ्या विषयांत मत असतं. म्हणाले, बाबा, ‘टपालखर्च ग्राहकाचा’ असं सरळ लिहून टाका ना. लोकांचा घोळ होतो.

ग्राहकाचा! तोंडावर ग्राहक म्हणायचं माणसाला! मी सांगितलं की तीस वर्षं प्रत्येक पत्राखाली ‘आपला विश्वासू’ लिहिलं, एकाने तरी उलट टपाली विचारलं का, की बुवा कुणाचा? मुलगी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि आत बराच वेळ हसत होती.

निश्चय: शब्द बदलणार नाही. अडाण्यांसाठी भाषा वाकवली की ती परत सरळ होत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
दुसरी ऑर्डर. तरुण मुलगा, बोलतो भरभर. पैसे कसे देऊ म्हणाला, नंबर द्या. दिला. पाच मिनिटांत माझ्या मोबाइलमध्ये रिचार्ज! दोनशे नव्याण्णवचा. म्हणतो, काका, नव्याण्णव तुमच्या टपालखर्चाला, खूश?

वॉशिंग मशीनच्या दुकानात रिचार्ज चालत नाही, हे त्याला सांगायला फोन केला. तासभर सांगितलं. माणूस म्हणून मुलगा वाईट नाही, शेवटी आपल्या लग्नाच्या अडचणी सांगत होता. बोलणं फुकट झालं, एवढा फायदा धरायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
गच्चीवर गेलो, तर कठड्यावर वाळत घातलेल्या मोज्यांवर दोन पेपरवेट ठेवलेले! वाऱ्याने उडू नयेत म्हणून, असं ही म्हणाली, टॉवेल उडाले ना परवा. मालाचा असा अपमान मी प्रथमच पाहिला. धुऊन, पुसून परत खोक्यात ठेवले.

हिने मनगटाला पट्टा बांधलाय. नाटकी स्वभाव.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
एका आजींचं पाकीट आलं. पैशांऐवजी तिकिटं! टपालाची, बारीक किमतीची, त्यांच्या यजमानांनी जमवलेली. चिठ्ठी सुवाच्य: किंमत आणि टपालखर्च दोन्ही यात येईल, बाळा. बाळा! रिटायर माणसाला.

पण डोकं वापरलं. नगाची किंमत सोडून देऊ, निदान टपालखर्च तरी निघेल. दुपारभर तिकिटं चिकटवली. वर, खाली, चारी बाजूंना. जीभ अजून गोंदाची लागते आहे. खिडकीवर नेलं, तर बाई म्हणाल्या, पत्ता कुठे आहे? पत्त्याला जागा उरली नव्हती. शिवाय त्यातली निम्मी तिकिटं आता चालत नाहीत म्हणे. मला विचाराल तर तिकीट ते तिकीट, दूध थोडंच आहे नासायला.

पार्सल घरी परत आणलं. दिसायला फार सुंदर झालंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
मास्तरांचा नग फुटून पोहोचला. दोन टॉवेलांतून! नक्की काट्यावर आपटला असणार. पैसे परत मागतात आणि काचा परत पाठवतात. मी लिहिलं, ठीक आहे, पण परत पाठवण्याचा खर्च? त्यांनी तीन शब्दांत कळवलं: ‘परतीचा खर्च आपला.’ पुढे कंसात: आदरार्थी.

असल्या माणसाच्या हाताखाली मुलं शिकतात. देशाचं काय होणार.

टॉवेल ठेवून घेतले मास्तरांनी.

आजवरचा धंदा: तीन ग्राहक, तिघेही भिकारचोट वृत्तीचे. दोष मालात नाही, गिऱ्हाइकात आहे. मला एक खानदानी गिऱ्हाईक मिळू दे, मग बघा.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.
मिळालं!

एका मोठ्या संस्थेचे सचिव आहेत. परिषदेला पाहुण्यांना भेट द्यायला वीस नग हवेत. एकदम वीस! पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पत्र. ‘सविनय कळविण्यात येते की’ अशी सुरुवात. स्वल्पविराम जागच्या जागी. टपालखर्चाबद्दल त्यांनी स्वतःहून लिहिलं, ‘तो अर्थातच माझा.’ आणि खाली सही करण्याआधी काय? ‘आपला विश्वासू.’

डोळे पाणावले. तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला, त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, बाबा, जरा जपून, इतकं चांगलं मराठी ॲपवर कुणी लिहीत नाही. स्वतःला येत नाही, म्हणून दुसऱ्यावर संशय. नाचता येईना, अंगण वाकडं.

हिला सांगितलं, एक तारखेला मशीन. ही चादर घासत होती, मान वर न करता म्हणाली, बरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
मोठी माणसं मोठ्या चुका करतात. वीस नगांचे चार हजार व्हायचे, तर सचिवसाहेबांकडून घाईत दहा हजार पाठवले गेले. बँकेचा मेसेज आला फोनवर, दहा हजार जमा. पाठोपाठ त्यांचं पत्र. किती संकोच! लेखनिकाच्या हातून आकड्यांचा गोंधळ झाला, टपालखर्चाचे सहाशे वळते करून उरलेले चोपन्नशे कृपया आजच परत करावेत, नाहीतर त्या गरीब लेखनिकाच्या पगारातून कापले जातील.

मास्तर असता तर ठेवून घेतले असते. मी कपाटातल्या मशीनच्या पाकिटात उरले होते ते सगळे काढले, बँकेत जाऊन खात्यात भरले आणि तिथूनच चोपन्नशे पाठवून दिले. दहा हजार आलेत ना, काळजी कसली. वर दोन ओळी लिहिल्या की आपल्यासारखी माणसं अजून आहेत म्हणून जग चाललंय.

वीस नग बांधायला घेतले. उशांमधला कापूस वापरला.

२६ फेब्रुवारी, बुधवार.
सचिवसाहेबांचं उत्तर नाही. परिषदेच्या गडबडीत असतील.

पार्सलांचा पत्ता शोधला, तर त्या रस्त्यावर त्या नंबरचं घरच नाही म्हणे. नवीन बांधकाम असेल. मोठ्या संस्था बांधकामं काढतातच.

दुपारी ४. बँकेत जाऊन आलो. काउंटरवरच्या मुलीने पासबुक छापून हातात दिलं. त्यात माझे गेलेले चोपन्नशे आहेत. आलेले दहा हजार नाहीत. मी मेसेज दाखवला. ती म्हणाली, काका, हा बँकेचा नाहीच, हा कुणाच्या तरी साध्या मोबाइलवरून टाइप करून पाठवलाय. मग तिने हळू आवाजात विचारलं, पाणी देऊ का?

तिचं मराठी बेताचंच होतं. पाणी घेतलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
जावईबापूंना फोन केला. ‘मी म्हटलं होतं’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत, तेच जास्त लागलं. ॲपकडे तक्रार कशी करायची ते सांगितलं. तक्रार मी स्वतः लिहिली, चार पानी.

तासाभरात उत्तर: ‘सदर व्यवहारातील नुकसान आपले राहील.’

आपले! बारकाईने विचार केला. कंपनी बोलते आहे, कंपनी ‘आपले’ म्हणते आहे. ‘आपलंच घर आहे, या’ असं म्हटलं की घर बोलणाऱ्याचं असतं. म्हणजे नुकसान कंपनीचं! निदान निम्मं तरी! मास्तर माणूस कितीही हलका असो, मुद्दा बिनतोड आहे. तसं सविस्तर कळवलं.

संध्याकाळी उत्तर आलं. तेच वाक्य. खाली आणखी दोन शब्द: ‘आपला विश्वासू.’

पुढे काही लिहवत नाही. हिला अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
नाही सांगितलं. हिचं डोकं दुखत होतं. खरं तर दुखत नव्हतं.

१ मार्च, शनिवार.
मशीन आलं नाही. हिने विचारलं नाही, दाराकडे बघितलंही नाही. मोठी चादर घेऊन मोरीत गेली. मी मागोमाग गेलो आणि उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. मास्तर, रिचार्ज, आजी, सचिव, पाकीट. उशांचं आणि टॉवेलांचंही. मध्येच सचिवाच्या स्वल्पविरामांची तारीफ निघाली तोंडातून, ती अर्ध्यावर सोडली.

ही चादर खळबळत राहिली. नळ बंद केल्यावर म्हणाली, मग ॲपवाले काय म्हणतात?

म्हटलं, नुकसान आपले राहील म्हणतात. वाक्य संदिग्ध आहे, अजून एक पत्र लिहिता येईल.

ही म्हणाली, संदिग्ध कसलं त्यात? आपलंच आहे. पैसे दोघांचे होते ना.

तिने पट्टा काढून कोनाड्यात ठेवला होता. मनगट सुजलंय, चांगलंच. एक-दोन दिवसांची सूज नाही ती. मला लाज वाटली. रोजनिशी आहे, म्हणून लिहून ठेवतो.

चादरीचं एक टोक तिने माझ्या हातात दिलं. समोरासमोर उभे राहिलो. मी जोर लावून पीळ दिला, तर चादर नुसतीच गोल फिरली, पाण्याचा थेंब निघेना. म्हणणार होतो की तू चुकीची धरली आहेस. ही म्हणाली, अहो, असं नाही. आपल्या उजवीकडे पिळा.

कुणाच्या, ते विचारलं नाही.