कपाट अंगणात काढलं आहे

धर्मराज,

तुझं नवं कपाट मी शेजारच्या रायभानला हाताशी घेऊन अंगणात काढलं आहे. आल्याआल्या ओरडू नकोस. दुपारी सोनीची छाती पुन्हा भरली, लेकराला दोन शब्द धड बोलता येईनात. "आई, नव्या वस्तूला वास येनारच, जाईल दोन दिसात," हे तुझं महिनाभर ऐकलं. त्यात वास दबावा म्हणून सूनबाईने खिडक्या लावून ऊद जाळला. म्हणजे पोरीच्या नाकात वासही गेला आणि धूरही!

माझ्या लग्नातल्या संदुकीचं लाकूड वडिलांनी दोन उन्हाळे माळवदावर वाळवलं होतं, मगच सुताराला हात लावू दिला. तुम्ही फळ्या चिकटवल्या, सनमायका मारला आणि त्याच रात्री पोरीचं अंथरूण त्याला खेटून घातलं.

कपाटाची दारं उघडीच राहू दे, वारा-ऊन लागू दे. तुमचे कपडे माझ्या संदुकीत ठेवले आहेत, जिला तू भंगार म्हणतोस.

सोनीला घेऊन राजूरला द्वारकामावशीकडे चालले आहे. तिला न्यायला निघण्याआधी एकदा त्या कपाटात डोकं घालून पोटभर श्वास घे. खोकला आला नाही, तरच ये.

— आई