मोटारीच्या डोक्यावरची सायकल

कुंडल, २७ जानेवारी

प्रिय चि. अतिशय यास,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनवर तू ‘हो आज्जी, हो आज्जी’ म्हणत दुसऱ्या हातानं कॉम्प्युटर बडवत असतोस, ते मला इथं ऐकू येतं. कागदाला ‘हो हो’ करता येत नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही शेतातल्या भांगलणीचे दिवस सोडून. अक्षर लागलं नाही तर कीर्तीकडून वाचून घे. तुझ्या बायकोला निदान बसून वाचायची सवय आहे.

नाताळची दहा दिवसांची सुट्टी काढून तू आलास तेव्हा आधी बरं वाटलं. मग बघते तर मोटारीच्या डोक्यावर सायकल बांधलेली. आख्ख्या गल्लीनं बघितली. सायकल माणसाला नेते एवढं मला ठाऊक होतं. माणूस सायकलीला मोटारीवर बसवून पुण्याहून फिरायला आणतो, हे या वयात कळलं. तिला कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, साधा स्टँड नाही. इथं होती तेवढे दिवस माझ्या धुतलेल्या भिंतीला टेकून उभी होती, तो काळा डाग अजून गेला नाही. विचारलं तर म्हणालास, वजन कमी व्हावं म्हणून हे सगळं काढून टाकतात. अरे, डॉक्टरनं वजन सायकलीचं कमी करायला सांगितलं होतं का तुझं?

आणि ती चड्डी. मागच्या बाजूला गादी शिवलेली. दोरीवर वाळत होती तेव्हा शेजारची राहीबाई म्हणाली, काय वो वहिनी, नातवाला अजून अंथरुणात होतंय व्हय? मी म्हटलं, व्हय बाई, लय औषधं केली. काय सांगणार होते? की उसाची एक मोळी कधी डोक्यावर न घेतलेला गडी अर्धा तास सीटवर बसायला गादी लावून घेतो?

हसण्यावारी नेऊ नकोस. बत्तिसाव्या वर्षी तुझ्या रक्तात साखर सापडलीय. तुझा बाप सन्मती अठ्ठेचाळीसला गेला. द्राक्षाची फवारणी कुठवर आलीय बघायला मोटरसायकलवरून गेला आणि बांधावर टेकला, तो उठलाच नाही. घर ते बाग, एवढंसं अंतर. मी आजही कमरेवर हात ठेवून चालत जाते. डॉक्टर त्यालाही सांगत होता, पाटील, जरा चालत जावा. तोही ‘हो हो’ म्हणायचा. हे तुमच्या घराण्यात कुठून आलं मला माहीत नाही, माझ्या माहेरी असं नव्हतं.

तुझ्या आजोबांकडून तर आलेलं नाही. आदगोंडा पाटलांनी चाळीस वर्षं कारखान्याची पाळी सायकलवरून केली. येताना कॅरियरला म्हशीच्या वैरणीचा भारा. त्याला कोणी व्यायाम म्हटलं नाही आणि त्यांना त्या सायकलीचं काडीचं कौतुक नव्हतं. चाक बसलं की सायकलीला आणि मला एकाच तोंडानं शिव्या घालत घरी यायचे. वागायला खडूस माणूस, पण चौऱ्याऐंशी वर्षं जगले. मरायच्या आदल्या आठवड्यात माझ्याशी भांडले.

तुझी तऱ्हा बघ. पाचचा गजर लावायचास. त्या गजरानं मी उठायचे, म्हैस उठायची, कीर्ती उठायची, तू साडेसातला. मग कानटोपी, त्यावर ते टरबुजाच्या फोडीसारखं टोपडं, हातमोजे, काळा चष्मा. हातातल्या घड्याळात काळीज किती धडधडतंय ते बघायचं. दारातून बाहेर पडेपर्यंत उसाच्या दोन ट्रॉल्या रिकाम्या होऊन परत यायच्या. आल्यावर मोबाईलमधला नकाशा माझ्या नाकासमोर: आज्जी, बघ किती लांब रेघ आली!

ती रेघ मी नीट बघितली. वाचता थोडं येतं, पण रेघ कळते. रोज ती फाट्यावर जायची आणि तिथंच तिची गाठ व्हायची. कीर्ती म्हणाली, तिथं पाऊण तास थांबलेत. फाट्यावर देऊळ नाही, डॉक्टर नाही. साळूबाईचा भज्यांचा गाडा आहे. बाजारात साळूबाई भेटली तर स्वतःहून म्हणाली, आवं आज्जी, तुमचा नातू लय गुणाचा, रोज दोन प्लेटा कांदाभजी खातो, वर जिलेबी, आन् म्हणतो कसा, आता सगळं जिरंल! आपल्या जैनांच्या घरात तीन पिढ्या कांदा आला नाही, त्याचं मी वेगळं बोलीन. पण जिरवायला निघालेला माणूस भरून परत येतो, हे कुठलं गणित?

मग मधेच दोन दिवस कीर्तीच्या माहेरी साताऱ्याला जाऊन आलास. तिथल्या दोस्तांबरोबर वाईला सायकलवर गेलास म्हणे. फोटो मलाही आला. कृष्णेच्या घाटावर चौघं उभे, सायकली डोक्यावर उचलून, तोंडं अशी की नदी तुम्हीच वाहती केली. मागच्या पायरीवर एक बाई धुण्याचे पिळे खांद्यावर घेऊन चढत होती, तिच्याकडं चौघांतल्या एकाचंही लक्ष नाही. परत येताना सायकली टेम्पोत आणि तुम्ही मोटारीत, हे कीर्तीनं सांगितलं. फोटोत ते नव्हतं.

पुण्याला परत जाताना पाया पडलास आणि म्हणालास, आज्जी, पुण्यात रोज सकाळी सायकल, एक दिवस चुकवणार नाही, शब्द. मी तो शब्द धरला. परवा कीर्तीला विचारलं. म्हणाली, बाल्कनीत उभी आहे, हँडलला टॉवेल चांगले वाळतात. आणि साखर पुन्हा तपासली, वाढलीय.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. तू गेल्यावर चार दिवसांनी गावात मुनीमहाराज आले. त्यांचा आहार झाल्यावर समोर बसून प्रत्येकानं काहीतरी सोडायचा नेम घेतला. शहाणी माणसं मुदत घालून घेतात. राहीबाईनं दिवाळीपर्यंत पपई सोडली, पपई तिला मुळातच आवडत नाही. माझी पाळी आली आणि मला तुझा शब्द आठवला. सगळ्या मंडपासमोर म्हणाले, माझा नातू सलग तीस दिवस सायकल चालवेपर्यंत मी चहा घेणार नाही. एक दिवस चुकला तर परत पहिल्यापासून. वाटलं, एक महिन्याचा तर प्रश्न. मुदत घातली नाही, कारण मी तुला खरं मानलं. चौथी शिकलेल्या बाईची चूक. आज एकवीस दिवस झाले. डोकं कानशिलापासून फुटतंय, सकाळी कुणाशी धड बोलवत नाही, आणि तुझा पहिला दिवस अजून उजाडायचाय. खोटं सांगायचं मनात आणू नकोस. तू खोटं सांगितलंस आणि मी घोटभर प्यायले, तर नेम मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर, आणि एकोणऐंशीव्या वर्षी ते फेडायला मला वेळ नाही. सोडवायला महाराजही येणार नाहीत, ते पायी विहार करत कर्नाटकात गेले. आता फक्त तुझे पाय आहेत. टॉवेल काढ.

तुझीच, तुझ्यामुळं डोक्याला फडकं बांधून बसलेली,
आज्जी