उष्ण तारे डावीकडे

सर, आज तीन वाजता तुमची मुलगी तुमचा ताऱ्यांचा तक्ता न्यायला येणार आहे. कॉलेजात तो तुमच्या नावाने लावणार आहेत, म्हणून लिहिते आहे. आत्ता दीड वाजलाय.

बहात्तरच्या दुष्काळात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तिसगावहून नगरला आलेली, गणितात पहिली आणि तेवढीच आगाऊ. विद्यापीठाची समिती येणार होती, दुर्बिणीची मंजुरी तिच्या हातात होती. तुम्ही पेन्सिलीने कच्चा कागद काढून दिलात. वर तेजस्वी तारे, खाली मंद. डावीकडे उष्ण, निळे-पांढरे, उजवीकडे त्यामानाने थंड, तांबडे. मी ते मोठ्या कागदावर शाईने उतरवायचं होतं. तापमानाचे आकडे डावीकडे वाढत गेलेले पाहून मला वाटलं, सर चुकले. विचारलं नाही. सगळे तारे फिरवले. व्याध उजवीकडे गेला, मृगातली तांबडी काक्षी डावीकडे, आणि खाली मी सुबक अक्षरात तुमचं नाव घातलं. खगोलशास्त्रज्ञ तापमानाचा अक्ष तुमच्यासारखाच, डावीकडे वाढता मांडतात, हे मला ठाऊक नव्हतं.

समितीतले एक गृहस्थ हसले. हे आकाश आरशातलं दिसतंय, म्हणाले. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. नंतर मला बाजूला घेऊन विचारलंत, "कच्च्या कागदावर असंच होतं?"

"हो सर, असंच होतं."

कागद माझ्या पिशवीत होता. खोलीवर जाऊन फाडला. दुर्बीण आली नाही. प्रयोगशाळेतले शिपाईमामा म्हणाले, "सरांचा चष्मा बदलाया पायजे, न्हाईतर तारं पच्छिमेला उगवायचं." सगळे हसले. मीही. त्यानंतर फळ्यावर काही लिहिलंत की तुम्ही मागे वळून विचारायचात, "बरोबर आहे ना गं?" अजून ऐकू येतं. निरोपाच्या दिवशी तक्ता मलाच दिलात. माझं खोटं ओळखून, की स्वतःवरचा भरवसा उडाला म्हणून? दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, खोटं बोलणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं केलं. आता जाणकार तक्त्यापुढे उभे राहतील आणि पुन्हा तुम्हालाच हसतील.

सव्वातीन. तुमच्या मुलीला तक्ता दिला, गुंडाळून नाडीने बांधलेला. पाठीमागे आज पेन्सिलीने लिहिलंय, 'सरांचा कागद बरोबर होता, तारे मी फिरवले', खाली माझी सही. उघडून बघू का, असं तिने विचारलं. कागद जुना आहे, तिकडेच उघड, म्हणाले.