येडशीला दिलेला विडा

ता. ५ जानेवारी १९४६, शनिवार. मुरूम

उठल्या उठल्या रोजच्या रिवाजानं सगळ्यांची विचारपूस केली. नागूबाईआत्या, गुडघे कसे हायत? – "हायत जागच्या जागी!" म्हशीच्या पायाची सूज? – उतरली. शेजारच्या कमलबाईचा खोकला? – भिंतीपलीकडून ऐकू आला, म्हणजे बाई ठणठणीत. शेवटी चन्नम्माला विचारलं, "तुझं कसं काय, पोरी?" तर म्हणते, "मला काय धाड भरलीय, मामा?" रोज हेच.

चन्नम्मा माझी सून. माझा मडिवाळ पटकीत गेला त्याला चार वर्षं झाली. पोरगी अजून पंचविशीच्या आत, आणि मी पिकलं पान. माझ्यामागं हिचं कोण? उडकीचा – म्हणजे दुसऱ्या लग्नाचा – विषय दोनदा काढला. आपल्यात ती रीत आहे, चोरी न्हाय. पण दोन्ही वेळा तिनं ताट आपटलं. "मला घराबाहेर काढताय व्हय?" मी विषय सोडला.

ते असो! उद्या निघायचं! आमच्या हत्तरगे कुळाचा मेळा यंदा येडशीला. धपाटी झाली, शेंगाचटणी झाली, वंशावळीचं कापड गुंडाळून झालं. झोप कसली येते! लहान पोरासारखं झालंय मला.

ता. ६, रविवार. येडशी

उमरग्याहून लातुरापर्यंत मोटार, पुढं छोटी रेल्वे. काय तिची चाल! आत्या म्हणाली, "उतरून चालले तर आधी पोचंन मी." येडशीच्या ठेसनावर चुलतभाऊ शिवलिंगप्पा फेटा बांधून उभा. यंदाची सगळी व्यवस्था त्याच्याकडं, म्हणून छाती ही एवढी पुढं!

सामानाला गाड्या होत्या. गाड्यांचा माणूस तेरचा बसवराज. आपल्याच समाजाचा, पण कुळ वेगळं. गेल्या साली बायको बाळंतपणात गेली, असं शिवलिंगप्पा सांगत होता. आत्या गाडीत चढायला घाबरली तर तो म्हणतो, "बसा बिनघोर, आज्जी. माझा बैल जावयासारखा हाय. मान दिला की चालतो, हाकलला की रुसतो." – आणि चन्नम्मा हसली! तोंडाला पदर लावून, पण हसली. मी पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

ता. ७, सोमवार

रामलिंगाला गेलो सगळे. दरीतलं देऊळ, गार पाणी, आणि वानरं, देवा! शिवलिंगप्पा पोरांना जटायूची गोष्ट सांगत होता – रावणानं पंख कसा तोडला ते हातवारे करून – तेवढ्यात एका वानरानं त्याचा फेटा उचलला आणि झाडावर! "अण्णा, रावण वर गेला!" पोरं लोळली हसून. फेटा बसवराजानं शेंगा देऊन सोडवला. निम्मा.

दुपारी कापड पसरलं. आत्या पिढ्या सांगते, मी काजळानं मांडतो. वरून खाली पुरुषांचीच नावं. लेकीसुना न्हाईत, असाच रिवाज. माझ्या नावाखाली मडिवाळ. त्याच्याखाली नुसतं कोरं कापड. चन्नम्मा समई पुसत होती. तिनं पाहिलं आणि समई घेऊन आत गेली.

रात्री जेवताना शिवलिंगप्पानं सहज सांगितलं – चार माणसं जमवायची म्हणजे सरकारी परवानगी लागते, वंशावळ-बिंशावळ पोलिसांच्या अमीनसाहेबांना कळंना, त्यांना वाटलं ही काँग्रेसवाल्यांची सभा, म्हणून ह्यानं सांगून टाकलं, "साखरपुडा हाय, साहेब!" आणि वर छाती ठोकतो. मी म्हटलं, गड्या, आलाच कोणी बघायला तर? "कोण येतंय!"

ता. ८, मंगळवार

आले! खुद्द अमीनसाहेब, घोड्यावर, संगं सिपाई. आजचं आजच लिहितो.

साहेब मांडवात आले, सगळ्यांकडं बघून म्हणाले, "सेठ, मुबारक! दुल्हा-दुल्हन कां हैं?" शिवलिंगप्पाचं तोंड पांढरंफटक. गडबडीत त्यानं हाताला लागला तो पुतण्या आणि हाताला लागली ती पुतणी पुढं ओढली. आत्या मागनं ओरडली, "अरे येड्या, एका कुळात लगीन लावतो व्हय! भाऊ-भन हायत ती!" आणि सिपाई पडला इकडचाच. म्हणतो, "साब, ये लोगां सब एकीच खानदान के हैं. इनके में ऐसा नै चलता." साहेबांचं हसू मावळलं. "तो फिर ये जलसा कायका है?"

आमच्यातल्या दोन पोरांवर आधीच सरकारची नजर. आता सगळ्यांना बांधून नेणार, असंच वाटलं.

आणि आतून चन्नम्मा आली. हात पिठाचे. सगळ्यांच्या पुढं उभी राहिली आणि म्हणाली, "नवरी मी हाय. ह्यांच्या रक्ताची न्हाय, सून हाय. उडकी ठरलीय."

"और दुल्हा?"

बसवराज बैलांना वैरण टाकत होता. पेंढी खाली ठेवली, हात झटकले. "मी हाय, साहेब."

आमचे पुरोहित, जंगम स्वामी, मांडवातच होते. त्यांनी वेळ न दवडता दोघांना भस्म लावलं, लग्न ठरल्याचा विडा दिला-घेतला, साखर भरवली. साहेबांनीही साखर खाल्ली. जाताना घोड्यावरून म्हणाले, "शादी में बुलाना, सेठ. भूलना नक्को!"

ता. ९, बुधवार

भांडण! शिवलिंगप्पा म्हणतो, "सोंग होतं, निभावलं, संपलं." आत्या काठी आपटून म्हणते, "जंगमापुढं दिलेला विडा म्हणजे सोंग व्हय? आपल्या कुळात आजवर विडा माघारी गेला न्हाय." स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "मी भस्म खोटं लावत नसतो." झालं!

मला नाचावंसं वाटतंय. पण चन्नम्मा चुलीपाशी पाठ करून बसलीय. तिनं आम्हाला वाचवलं, आणि आम्ही तिलाच बांधून घातलं की काय? तिला कोणी विचारलंच न्हाय. मीसुद्धा.

ता. १२, शनिवार. मुरूम

घरी आलो. चन्नम्मा बोलत न्हाय. भाकरी मात्र वेळेवर.

ता. २०, रविवार

बसवराज आला! सोप्यात बसला, पाणी प्याला, आणि धोतराच्या सोग्यातून तो विडा काढून पुढं ठेवला. पानं वाळून करकरीत झालेली. म्हणाला, "बाईंनी त्या दिवशी सगळ्यांसाठी केलं. त्यांची मर्जी नसंल तर हे परत घ्या. रीत मोडल्याचा दोष माझ्या माथी."

आत बघितलं. दाराआडून चन्नम्माचा आवाज आला, बारीक, पण ठाम:

"मामा, त्यांना सांगा. विडा माघारी घेत न्हाईत आपल्यात."

आत्या जात्याजवळून: "आन् बैलाला वैरण टाका म्हणावं, जावई आला तर!"

बसवराज लाजला! एवढा दांडगा गडी, कानापर्यंत लाल झाला! मी उठून देवापुढं साखर ठेवली, आणि मूठभर स्वतःच खाल्ली.

ता. ६ मार्च, बुधवार

काल उडकी झाली. अमीनसाहेब आले, पोटभर जेवले. आज सकाळी गाडी तेरकडं निघाली. चन्नम्मा माझ्या पाया पडली, उठली, आणि म्हणाली, "येते, अप्पा."

अप्पा! मडिवाळ गेल्यापासून ह्या घरात मला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

कापड काढलं. माझ्या नावाखाली, मडिवाळच्या शेजारी काजळानं 'चन्नम्मा, लेक' असं लिहिलं. शिवलिंगप्पा ओरडंल. ओरडू दे! आत्या म्हणाली, "अक्षर मोठं काढ की."

मग कार्ड घेतलं, कारण घर फार गप झालंय: चि. सौ. चन्नम्मा हीस अप्पाचा आशीर्वाद. आत्याचे गुडघे जागच्या जागी. म्हैस तुझ्या वाटेकडं बघते. तुझं कसं हाय, पोरी? 'धाड भरलीय' एवढंच लिहिलंस तरी चालंल, पण लवकर लिही.